सिस्टीन मोजून बंध ठरवू नका: प्रथिनातले डायसल्फाइड बंध शोधायला शिकताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय हातात पडला की ज्युनियर मुलांचा मेसेज ठरलेला असतो. "ताई, माझ्या प्रोटीनमध्ये आठ सिस्टीन आहेत, म्हणजे चार डायसल्फाइड बाँड, बरोबर ना?" बरोबर असेलही. पण आठाचे निम्मे चार हे गणित झालं, बायोकेमिस्ट्री नाही. सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल. दोन सिस्टीनचे गंधक एकमेकांना जोडले गेले की तो डायसल्फाइड बंध, पण प्रत्येक सिस्टीनला जोडीदार मिळतोच असं नाही. अंड्याच्या पांढऱ्यात सगळ्यात जास्त असतं ते ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन. त्यात सहा सिस्टीन आहेत, बंध मात्र एकच, बाकीची चार मोकळी. त्याच पांढऱ्यातल्या लायसोझाइममध्ये आठ सिस्टीन, चार बंध, मोकळं एकही नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून सहा सिस्टीन आहेत आणि डायसल्फाइड बंध शून्य.

हा लेख बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या आणि एमएस्सीला नव्याने आलेल्या मुलांसाठी आहे. सोलापुरातल्या कॉलेजात जेवढं सामान साधारण मिळतं तेवढ्यात भागेल असाच रस्ता सांगते. पहिला अर्धा भाग तर मोबाईलवरही होतो.

जवळ काय काय हवं

- नेट चालू असलेला लॅपटॉप किंवा मोबाईल. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.
- तुमच्या प्रथिनाचा यूनिप्रॉट क्रमांक आणि पीडीबी कोड. यूनिप्रॉट हा प्रथिनांच्या अमिनो आम्ल-क्रमांचा आणि माहितीचा ऑनलाइन संग्रह, पीडीबी हा त्यांच्या त्रिमितीय रचनांचा. सरावासाठी कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम घ्या: यूनिप्रॉटवर पी००६९८, पीडीबीवर १९३एल. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. शेवटचं एल हे अक्षर आहे, एकचा आकडा नव्हे.
- नोटपॅड, कॅल्क्युलेटर आणि एक वही.
- प्रयोगशाळेसाठी: अंडं, जिलेटिन, लेड अ‍ॅसिटेट, सोडियम हायड्रॉक्साइड, डायसल्फाइड तोडायला डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल, मोकळी सिस्टीन बंद करायला आयोडोअ‍ॅसिटामाइड, ती मोजायला डीटीएनबी, घडी उलगडायला युरिया, ४१२ नॅनोमीटरला वाचणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि जेलचा संच.
- गाईडची सही. रसायनं काढून द्यायला लॅबमधले काका त्याशिवाय कपाट उघडत नाहीत, आणि बरोबरच आहे.

## १. आधी दोन गंधकवाले वेगळे करा

प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांत गंधक असलेली दोनच: सिस्टीन आणि मेथिओनीन. सिस्टीनच्या बाजूच्या साखळीत गंधक अगदी टोकाला असतो आणि त्याला एक हायड्रोजन असतो. हा थायॉल गट. दोन सिस्टीन जवळ आली आणि त्यांचे हायड्रोजन निघाले की गंधकाला गंधक जोडला जातो. हाच डायसल्फाइड बंध. अशा जोडीला सिस्टाइन म्हणतात. व्हायवाला एक्स्टर्नल हटकून विचारतात.

मेथिओनीनचा गंधक दोन कार्बनांच्या मधे अडकलेला असतो, टोकाला मिथाइल गट. द्यायला हायड्रोजनच नाही, त्यामुळे तो डायसल्फाइड करू शकत नाही. म्हणून तो निरुपयोगी समजू नका. सायटोक्रोम सी मध्ये ८०व्या जागेवरच्या मेथिओनीनचा गंधक हीममधल्या लोहाला धरून बसतो. पण बंध मोजताना मेथिओनीन यादीतून बाहेर.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर लेड सल्फाइडची जुनी चाचणी करा. अंड्याचा पांढरा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा, लेड अ‍ॅसिटेट टाका, द्रव काळा पडतो. सिस्टीनमधला गंधक अल्कलीत सुटून शिशाला मिळतो. मेथिओनीनचा तसा सुटत नाही, म्हणून शुद्ध मेथिओनीनची नळी काळी होत नाही. जिलेटिनही जवळजवळ तसंच राहतं, कारण ते कोलॅजनपासून येतं आणि त्यात सिस्टीन नसल्यात जमा. त्यातही मेथिओनीन थोडं असतंच, तरी नळी काळी नाही, हे वहीत लिहा.

घरी करण्यासारखं काही हवं असेल तर घोंगडीची लोकर आणि सोलापुरी चादरीचा सुती धागा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर म्हणजे सिस्टीनने भरलेलं केरॅटिन, केस जळाल्याचा तोच उग्र वास येतो. सूत म्हणजे सेल्युलोज. त्यात गंधकही नाही आणि प्रथिनही नाही, ते कागदासारखं जळतं.

## २. प्रथिन राहतं कुठे ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं तर अर्धा निकाल इथेच लागतो. पेशीच्या आतल्या द्रवात ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन यांचा पहारा असतो. तिथे थायॉल मोकळेच ठेवले जातात, झालेला बंधही तोडला जातो. हिमोग्लोबिन तांबड्या पेशीच्या आत राहतं, ते याच बाजूचं. पेशीतून बाहेर पडणारी प्रथिनं मात्र एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून जातात. तिथलं वातावरण ऑक्सिडीकरणाला पोषक, शिवाय बंध जुळवायला आणि चुकलेले बदलायला प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज हे विकर हजर असतं. इन्शुलिन, अँटिबॉडी, लायसोझाइम, विंचवाच्या विषातली छोटी प्रथिनं ही सगळी बाहेर जाणारी आणि सगळ्यांत डायसल्फाइड.

यूनिप्रॉटच्या पानावर प्रथिनाचं ठिकाण दिलेलं असतं. सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला बाहेरच्या वाटेवर लावणारा साखळीच्या सुरुवातीचा तुकडा, दिसला की डायसल्फाइडची शक्यता धरून चाला.

सापळा: ई. कोलायच्या पेशीद्रवात माणसाचं बाहेर जाणारं प्रथिन बनवायला घेतलंत तर बंध नीट न जुळून ते गोळा होऊन बसण्याची दाट शक्यता असते. मग "क्लोनिंग चुकलं" म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नका. त्या जिवाणूत डायसल्फाइड करणारी यंत्रणा पेशीद्रवाबाहेर, पेरिप्लाझममध्ये असते. प्रथिन तिकडे पाठवायची सोय आहे का, ते गाईडना विचारा.

## ३. क्रमांकाचा घोळ आधी मिटवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. लायसोझाइमचे चार बंध दोन ठिकाणी असे दिसतात:

- पीडीबीच्या फाइलमध्ये: ६–१२७, ३०–११५, ६४–८०, ७६–९४
- यूनिप्रॉटवर: २४–१४५, ४८–१३३, ८२–९८, ९४–११२

चूक कोणाचीच नाही. यूनिप्रॉट पेशीत तयार होणारी अख्खी १४७ अमिनो आम्लांची साखळी मोजतं. तिच्यातलं पहिलं १८ आम्लांचं सिग्नल पेप्टाइड कापलं जातं आणि १२९ आम्लांचं तयार प्रथिन उरतं. पीडीबीतली मोजणी या तयार प्रथिनापासून सुरू होते. म्हणून प्रत्येक आकड्यात १८ चा फरक.

आता ९४ हा आकडा बघा. तो दोन्ही याद्यांत आहे, पण ते एकच सिस्टीन नाही. यूनिप्रॉटचं ९४ म्हणजे पीडीबीचं ७६, आणि पीडीबीचं ९४ म्हणजे यूनिप्रॉटचं ११२. योगायोगाने ही दोन सिस्टीन एकमेकांचीच जोडीदार आहेत, त्यामुळे घोळ पटकन लक्षातही येत नाही. एका यादीवरून सिस्टीन निवडून दुसऱ्या यादीच्या हिशेबाने ते बदलायला गेलात की भलत्याच जागी म्युटेशन होतं, आणि म्युटेशनसाठी मागवलेल्या प्रायमरचे, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यांचे, पैसे पाण्यात.

इन्शुलिनचं प्रकरण आणखी गुंतलेलं आहे, कारण तिथे दोन साखळ्या आहेत: ए मध्ये २१ आणि बी मध्ये ३० अमिनो आम्लं. तीन बंधांपैकी ए६–ए११ हा ए साखळीच्या आतला, तर ए७–बी७ आणि ए२०–बी१९ हे दोन साखळ्यांना जोडणारे. नुसतं "७व्या जागेवरचं सिस्टीन" असं लिहिलंत तर ते कुठल्या साखळीचं? साखळीचं अक्षर लिहिल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. यूनिप्रॉटवर हेच तीन बंध ९५–१००, ३१–९६ आणि ४३–१०९ असे दिसतील, कारण तिथे ११० आम्लांची मूळ अखंड साखळी मोजलेली असते.

वहीत दोन रकाने आखा, यूनिप्रॉट क्रमांक आणि पीडीबी क्रमांक. प्रत्येक सिस्टीनची एक ओळ. पुढचं सगळं काम या तक्त्यावर चालतं.

## ४. फाइल उघडा आणि अंतर मोजा

पीडीबीवर कोड टाकला की त्याच पानावर मोलस्टार नावाचा दर्शक मिळतो. काही इन्स्टॉल न करता रचना फिरवून बघता येते, डायसल्फाइडचे गंधक पिवळे दिसतात. चित्र बघून खूश होऊन तिथेच थांबू नका. पीडीबी स्वरूपातली फाइल उतरवा आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडा.

फाइलच्या वरच्या भागात एसएसबॉन्ड या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात, एका बंधाला एक ओळ. तीत दोन्ही सिस्टीनचे साखळी-क्रमांक, मग सममितीचे दोन आकडे आणि शेवटी बंधाची लांबी असते. दोन्ही सममिती-आकडे १५५५ असतील तर दोन्ही गंधक फाइलमध्ये लिहिलेल्या रेणूंतलेच आहेत. एक वेगळा असेल तर जोडीदार स्फटिकातल्या शेजारच्या प्रतीतला आहे. तो तुमच्या प्रथिनाचा आतला बंध म्हणून मोजायचा नाही.

आता एक तरी अंतर स्वतः काढा. खाली अणूंच्या हजारभर ओळी आहेत. सिस्टीनच्या गंधकाचं नाव एसजी, मेथिओनीनच्या गंधकाचं एसडी. सिस्टीन ६ आणि सिस्टीन १२७ यांच्या एसजी ओळी शोधा. प्रत्येक ओळीत तीन सहनिर्देशक आहेत. तीन वजाबाक्या, तिन्हींचे वर्ग, बेरीज आणि वर्गमूळ, म्हणजे शाळेतलंच सूत्र. उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं आणि ते २.०५च्या आसपास यायला हवं.

आलेला आकडा असा वाचा:

- २.०५ च्या जवळ: डायसल्फाइड. बंधाभोवतीचा पीळही बघा, तो बहुधा ९० अंशांच्या आसपास असतो, डावा किंवा उजवा.
- साधारण ३.५ ते ४: बंध नाही. गंधक नुसते शेजारी आहेत. अशी तीन-चार सिस्टीन एकाच जागेभोवती दिसली तर मधे जस्ताचा अणू आहे का ते शोधा. जस्त आणि गंधक यांच्यातलं अंतर साधारण २.३ असतं. अशा जागी "बंध जुळायचा राहिला" असं लिहून मोकळे होऊ नका, ती सिस्टीन धातू धरण्याच्या कामावर आहेत.
- अधलंमधलं, म्हणजे अडीच-तीन: संशय घ्या. क्ष-किरणांच्या माऱ्याने डायसल्फाइड बंध तुटतात, आणि स्फटिकात काही रेणूंतले तुटलेले, काही शाबूत असं मिश्रण असू शकतं. त्या अणूच्या ओळीत ए, बी अशा पर्यायी स्थिती दिल्या आहेत का ते तपासा. रेझोल्यूशनही बघा, म्हणजे रचना किती बारकाईने दिसते ते. आकडा जितका लहान तितकी ती स्पष्ट. १९३एल ही रचना १.३३ अँगस्ट्रॉमची आहे, म्हणून सरावाला चांगली. ३ अँगस्ट्रॉमच्या रचनेत गंधकाच्या जागेवर एवढा भरवसा ठेवता येत नाही.

तुमच्या प्रथिनाची प्रयोगाने काढलेली रचना नसेल तर अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने क्रमावरून केलेलं रचनेचं भाकीत वापराल. तिथे एसएसबॉन्डची ओळ नसते, अंतर तुम्हालाच मोजायचं आहे. क्रमांक यूनिप्रॉटचे असतात आणि सिग्नल पेप्टाइडही चिकटलेलं असतं. भाकितात दोन गंधक जवळ दिसले म्हणजे पेशीत बंध झालाच असं नव्हे, त्यासाठी दुसरी पायरी आहे.

## ५. बंधामुळे घडी पडते, हे डोक्यातून काढा

हे पाठ्यपुस्तकातलं आहे म्हणून थोडक्यात. रायबोन्यूक्लिएज ए मध्ये १२४ अमिनो आम्लं आणि चार डायसल्फाइड आहेत. अॅनफिन्सन यांनी ८ मोलर युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल वापरून ते पूर्ण उलगडलं. दोन्ही काढून टाकल्यावर ते पुन्हा घडी घालून काम करू लागलं. आठ सिस्टीन चार जोड्यांत १०५ प्रकारे जुळू शकतात, पण जुळली ती मूळचीच जोडी. युरिया तसाच ठेवून आधी बंध जुळू दिले तर मात्र जोड्या विस्कटलेल्या निघाल्या आणि प्रथिन जवळजवळ निकामी. या कामाबद्दल त्यांना १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

म्हणजे घडी अमिनो आम्लांच्या क्रमावरून ठरते. डायसल्फाइड हा घडी घातलेल्या चादरीला मारलेला टाका आहे. तो चुकीच्या घडीवर पडला तर चुकीची घडी पक्की होते. प्रोजेक्टमध्ये प्रथिन पुन्हा घडवायची पायरी असेल तर युरिया कधी काढायचा आणि ऑक्सिडीकरण कधी होऊ द्यायचं हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

## ६. प्रयोगशाळेत खात्री करा

दोन प्रयोग पुरेसे आहेत. पहिला जेल, ज्यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात: एका खोबणीत नमुना क्षपणकासह, म्हणजे बंध तोडणारं डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालून, दुसरीत त्याशिवाय. अँटिबॉडी घेतली तर फरक ठळक दिसतो. क्षपणकाशिवाय सुमारे १५० किलोडाल्टनचा एक पट्टा, क्षपणकासह ५० आणि २५ चे दोन. एकाच साखळीतले बंध असतील तर तुकडे पडत नाहीत, पट्टा फक्त सरकतो. बंधांनी आवळलेलं प्रथिन आटोपशीर असतं, त्यामुळे क्षपणकाशिवायचा पट्टा सहसा थोडा पुढे पळतो. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनमध्ये १७ डायसल्फाइड आणि एक मोकळं सिस्टीन आहे. ते स्वस्त आहे, जवळपास प्रत्येक लॅबमध्ये असतं, हात त्याच्यावर बसवा.

इथले सापळे:

- क्षपणकाची खोबणी आणि बिनक्षपणकाची खोबणी शेजारी-शेजारी नको. क्षपणक जेलमधून बाजूला झिरपतो आणि शेजारचे बंध तोडतो. मधे एक-दोन खोबण्या रिकाम्या सोडा.
- मोकळी सिस्टीन असतील तर नमुना उकळण्याआधी ती आयोडोअ‍ॅसिटामाइडने बंद करा. नाहीतर गरम केल्यावर मोकळा थायॉल शेजारच्या बंधावर जातो आणि जोड्यांची अदलाबदल होते. तुम्हाला दिसतो तो बंध उकळताना झालेला असतो. ओव्हाल्ब्युमिनच्या बाबतीत ही काळजी घ्यायलाच हवी.
- आयोडोअ‍ॅसिटामाइड उजेडात बिघडतं. नळीला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, द्रावण त्याच वेळी बनवा.
- डीटीटीचं द्रावण हवेने आणि उष्णतेने निकामी होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर पारा असताना, लाईट गेलेल्या लॅबमध्ये टेबलावर ठेवलेलं कालचं डीटीटी वापरून "बंध तुटतच नाहीत" असा निष्कर्ष काढू नका. छोटे भाग करून उणे २० अंशांत ठेवा, एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

दुसरा प्रयोग एल्मनचा. डीटीएनबी मोकळ्या थायॉलला भेटलं की पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरला वाचायचा. पीएच ८ च्या आसपास ठेवा, कारण सिस्टीनच्या थायॉलचा पीकेए साधारण ८.३ आहे आणि अभिक्रिया करतो तो हायड्रोजन सुटलेला गंधक. शोषण भागिले १४,१५० केलं की एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये थायॉलची मोलर तीव्रता मिळते. प्रथिनाच्या तीव्रतेने भागा, म्हणजे एका रेणूमागे मोकळी सिस्टीन किती ते कळतं.

युरियाशिवाय आणि युरियासह असं दोनदा मोजा. घडीच्या आत दडलेल्या थायॉलपर्यंत डीटीएनबी पोचत नाही. ओव्हाल्ब्युमिनची चारही सिस्टीन घडी शाबूत असताना जवळजवळ दिसतच नाहीत, उलगडल्यावर दिसतात. आणि नमुन्यात डीटीटीचा अंशही नको. ते स्वतःच थायॉल आहे, सगळी नळी पिवळीधमक होईल आणि तुम्ही भलत्याच आकड्यावर खूश व्हाल.

## ७. प्रोजेक्टला विषय सुचत नसेल तर ज्वारी घ्या

लायसोझाइम सरावाला ठीक, पण सोलापूर जिल्ह्यात बसून, मोहोळची मालदांडी ज्वारी हाताशी असताना ज्वारीकडे न बघणं मला पटत नाही. ज्वारीचं मुख्य साठवण-प्रथिन काफिरिन. दाण्यात त्याचे बारीक गोळे असतात: आत अल्फा प्रकार, बाहेरच्या कडेला सिस्टीनने समृद्ध बीटा आणि गॅमा. ज्वारी पाण्यात शिजवली की या कडेच्या प्रथिनांमध्ये नवे डायसल्फाइड बंध पडतात, गोळ्याभोवती कवच घट्ट होतं आणि पोटातल्या पेप्सिन या प्रथिन पचवणाऱ्या विकराला आत शिरणं अवघड जातं. शिजवल्यावर प्रथिन पचायला सोपं व्हावं ही आपली अपेक्षा, इथे उलटं घडतं. शिजवताना क्षपणक घातला तर ही घट बऱ्याच अंशी टळते, म्हणजे दोष बंधांचाच.

गव्हाचं पीठ ताणलं तर लवतं, कारण ग्लुटेनिनच्या साखळ्या डायसल्फाइडने एकमेकींना जोडलेल्या असतात. ज्वारीत तसं जाळं नाही, म्हणून भाकरीला उकळीचं पाणी लागतं आणि पीठ धरून ठेवतो तो चिकट झालेला स्टार्च. कच्चं पीठ, उकड, ताजी भाकरी आणि कडक भाकरी या चारही नमुन्यांतून ७० टक्के इथेनॉलने काफिरिन काढा, एकदा मर्कॅप्टोइथेनॉलशिवाय आणि एकदा त्यासह. दोन्हींत निघालेल्या प्रथिनाचा फरक हा बंधांचा अंदाज देतो. सामान स्वस्त आहे. मर्कॅप्टोइथेनॉलची बाटली मात्र फ्यूमहूडबाहेर उघडू नका, नाहीतर अख्खा मजला नावं ठेवेल.

शेंगदाण्यावर काम करायचं असेल तर त्यातलं अॅरा एच २ हे अॅलर्जी करणारं प्रथिन बघा, आठ सिस्टीन आणि चार बंध.

## ८. रिपोर्टमध्ये काय लिहायचं

प्रत्येक सिस्टीनची ओळ असलेला तिसऱ्या पायरीतला तक्ता जसाच्या तसा द्या आणि त्याला चार रकाने जोडा: जोडीदार, गंधकांमधलं अंतर, रचनेचा कोड व रेझोल्यूशन, आणि प्रयोगाचा पुरावा. पुरावा नसलेल्या बंधापुढे "रचनेवरून अनुमान" असं स्पष्ट लिहा. मास स्पेक्ट्रोमेट्री बाहेरून करून घेणार असाल तर अपेक्षित वजन काढताना प्रत्येक बंधामागे दोन हायड्रोजनचे २.०१६ डाल्टन वजा करा. लायसोझाइमच्या चार बंधांचे मिळून आठाहून जरा जास्त होतात.

लेड अ‍ॅसिटेटच्या वापरलेल्या नळ्या बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत. शिशाच्या कचऱ्याची वेगळी बाटली काकांकडून मागून घ्या, तिच्यावर तारीख आणि नाव घाला.